पट्टी कोण हलवतं

पट्टी हलली तेव्हा मोनालीचा हात टेबलावर होता. भूपेंद्रने व्हिडिओ थांबवला, दोन बोटांनी मोठा केला, पुन्हा मागे नेला. मोबाईल मोनालीचा होता आणि ती समोरच उभी होती, म्हणून हे सगळं त्याला चेहरा सरळ ठेवून करावं लागलं. काचेचा एक लांबट ट्रे, त्यात पाण्यासारखं दिसणारं द्रव, तळाशी एका टोकाने चिकटवलेली रबरासारखी मऊ पट्टी, आणि ट्रेपासून वीतभर अंतरावर, चित्राच्या कडेला मनगटाशी कापला गेलेला तिचा डावा हात. पट्टीने आधी अंग चोरल्यासारखं केलं, मग ती थरथरायला लागली, आणि द्रवात सोडलेला निळा थेंब या टोकाकडून त्या टोकाकडे निघाला. "सर, बाहेरून काहीच दिलेलं नाही. ना मोटर, ना वीज," मोनाली म्हणाली. तिच्या आवाजात आनंद मावत नव्हता. भूपेंद्रला तो आनंद दिसला, आवडलासुद्धा, आणि नेमक्या त्याच क्षणी त्याच्या उजव्या तळहातावर नारळाचं वजन आलं. खरोखरचं वजन, शेंडीसकट. त्याने हात झटकला. मोनालीला वाटलं, सरांना मुंगी चावली. "ठेव, बघतो," तो म्हणाला आणि मोबाईल परत दिला.

यात बघण्यासारखं काय होतं? मोनाली त्याची विद्यार्थिनी, सहा वर्षांपासूनची. धुळ्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची, तिथल्याच प्रयोगशाळेत हे काम करायची आणि दर पंधरवड्याला बसने जळगावला येऊन त्याला दाखवून जायची. पीएच.डी.ची मुदतवाढ एप्रिलअखेर संपत होती. गाईड म्हणून भूपेंद्रची सही झाली तर प्रबंध जमा, नाही तर सहा वर्षं पाण्यात. सही म्हणजे काय, पेनाचा एक फटकारा. पण त्या फटकाऱ्याचा अर्थ असा होणार होता, की ही पट्टी आपोआप हलते, तिला कोणी हलवत नाही, याला भूपेंद्र झुलाल साक्षी आहे. आणि साक्षी व्हायचं म्हटलं की त्याचं पाऊल मागे यायचं. ही सवय जुनी होती.

तसं पट्टीचं शास्त्र सरळ होतं आणि ते मोनालीला त्यानेच शिकवलं होतं. पट्टीच्या एका अंगाला उत्प्रेरकाचा थर. द्रवात पातळ केलेलं हायड्रोजन पेरॉक्साइड. थराला लागलं की ते मोडतं, पाणी आणि ऑक्सिजन होतो, तिथल्या द्रवाचं वजन बदलतं, आणि वजन बदललं की द्रव सरकतं. सरकणारं द्रव पट्टीला ढकलतं, पट्टी वाकते, वाकली की थर दुसऱ्या जागी जातो, तिथलं द्रव ढवळतं, पट्टी परत येते. असं पुन्हा पुन्हा झालं की ती कापू लागते आणि तिच्या कापण्याने ट्रेमधलं सगळं द्रव चालायला लागतं. द्रव पट्टीला हलवतं आणि पट्टी द्रवाला. आधी कोण हललं, असं विचारणाऱ्याला रसायनशास्त्रात मूर्ख म्हणतात. भूपेंद्रला आयुष्यभर तेवढंच विचारायचं होतं.

त्याचे वडील पाणाड्या होते. साक्रीच्या वरच्या अंगाला, डोंगर सुरू होतात तिथल्या गावात झुलाल आबांचं नाव होतं. कोणाला विहीर खणायची असो की बोअर पाडायची, आबांना बोलावणं यायचं. आबा अनवाणी शेतात उतरायचे, उजव्या तळहातावर नारळ आडवा ठेवायचे आणि चालायला लागायचे. सगळं गाव मागे. कुठेतरी बांधाच्या कडेला, कुठे निंबाच्या बुंध्याशी, नारळ हळूच डोकं उचलायचा आणि उभा राहायचा. लोक हात जोडायचे. तिथे खुंटी ठोकली जायची. आबा पैसे घ्यायचे नाहीत, फक्त तो नारळ घरी आणायचे, त्यामुळे घरात खोबऱ्याची चटणी कधी संपली नाही. भूपेंद्र लहानपणी आबांच्या सोबत जायचा. सगळे नारळाकडे बघायचे, तो मनगटाकडे बघायचा. मनगटावर काळा दोरा होता. दोऱ्याच्या खाली एक शीर होती. आधी शीर ताठ व्हायची, मग नारळ. दर वेळी. आधी शीर, मग नारळ. आणि मग आबांच्या चेहऱ्यावर जे आश्चर्य उमटायचं ते इतकं कोवळं, इतकं खरं असायचं, की पोराला त्याचाच सगळ्यात जास्त संशय यायचा. स्वतःच हलवायचं आणि वर चकित व्हायचं! तो कोणाला काही बोलला नाही. आबांनाही नाही. नुसता बघत राहिला. मग एका उन्हाळ्यात आबा निघताना म्हणाले, "तू घर ऱ्हाय." त्यानंतर त्यांनी त्याला कधी सोबत नेलं नाही. चोराला साक्षीदार नको असतो, एवढं त्या वयातही पोराला कळत होतं, किंवा कळतंय असं वाटत होतं.

घरातही आबांचं पाण्याचं कौतुक चालायचं. माठ असो, हंडा असो, प्यायला घेतलेला पेला असो, पाणी उघडं दिसता कामा नये. "उघडं पानी वळख इसरी जास," आबा म्हणायचे. उघडं राहिलेलं पाणी हाताची ओळख विसरतं आणि मग हाताला सापडत नाही. आई भाकरी थापता थापता कोपराने हंड्यावर ताटली सरकवायची. पोरांनी पेला उघडा ठेवला तर पाठीत धपाटा बसायचा. भूपेंद्रला हेही धंद्याचं सोंग वाटायचं. धुळ्याला बोर्डिंगात आला, शिकला, जळगावला नोकरीला लागला, आणि नारळ, दोरा, ताटली हे बठ्ठं डोंगराच्या पलीकडे ठेवून आला, असं त्याचं म्हणणं. ज्योत्स्नाचं, म्हणजे त्याच्या बायकोचं, म्हणणं वेगळं होतं. तिच्या मते याच्यासारखा धुळीला भिणारा माणूस जळगावात दुसरा नाही. अर्धा पेला पाणी प्यायचा आणि उरलेल्यावर हाताला लागेल ते ठेवायचा, पेपर, रिमोट, एकदा तर मोबाईल, आणि तो बुडाला तेव्हा म्हणाला, "हा इथे कोणी ठेवला?" ती अजून पाहुण्यांना ही गोष्ट सांगायची आणि पाहुणे हसायचे, तोही हसायचा.

विभागप्रमुख शालिग्राम सरांना त्याने व्हिडिओबद्दल आडून आडून विचारलं. म्हणाला, हात टेबलावर असताना पट्टी हलली तर काय समजायचं? शालिग्राम सर पान खाणारे, निवृत्तीला आलेले. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "हातच्या कांकणाला आरसा कशाला, भूपेंद्र? तू स्वतः करून बघ की." हे खरं होतं आणि सोपं होतं. मोनाली पुढच्या खेपेला पट्ट्या घेऊन आली, दोघांनी मिळून जळगावच्या प्रयोगशाळेत ट्रे मांडला. ती पट्टी चिकटवायची, तो द्रव ओतायचा, मग तो वाकून वरच्या काचेतून बघत बसायचा. पट्टी जरा डुलली, दोन बुडबुडे आले आणि ती मेल्या मासोळीसारखी पडून राहिली. निळा थेंब टाकला होता तिथेच पसरला. दुसऱ्या खेपेला नवी पट्टी, ताजं पेरॉक्साइड. तेच. मोनालीचा चेहरा उतरला. "धुळ्याला तर रोज चालते, सर," ती म्हणाली. भूपेंद्र म्हणाला, "हो, दिसलं ना व्हिडिओत." हे बोलताना आपला आवाज कसा आला ते त्याला कळलं आणि तिलाही कळलं. मग विभागात चहाच्या वेळी, चार माणसांत, तो सहज हसत बोलून गेला, "पट्टी कोण हलवतं तेवढं सापडलं की झालं." मोनाली दारात होती. तिने ऐकलं. तिच्या हातातला कप तिने न पिताच खिडकीत ठेवला, आणि बोलता बोलता भूपेंद्रने त्याच्यावर बशी उपडी घातली.

संशयाचं एक असतं, तो पोसायला फार काही लागत नाही, शिळ्या तुकड्यावरही जगतो. न कळवता तो धुळ्याला गेला. परीक्षेच्या कामाने आलो होतो, सहज डोकावलो, असं सांगायचं बसमध्येच ठरवलं होतं. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, खिडकीतून भट्टीसारखी हवा येत होती, आणि त्याला वाटत होतं, आपण पोराच्या पावलांनी आबांच्या मागे चाललोय, मनगट बघायला. मोनालीने त्याला दारात पाहिलं तेव्हा ती दचकली. का दचकली? तिने ट्रे मांडला, द्रव ओतलं आणि मागे सरून हात पाठीशी बांधून उभी राहिली. पट्टी हलली. सुंदर हलली, पिकाच्या पात्यासारखी, आणि निळा थेंब मुकाट तिच्या मागे गेला. भूपेंद्र बघत होता तो तिच्या पाठीमागे. हात मागे का बांधले? त्याने पंखा बंद करायला लावला. कूलर बंद करायला लावला. पट्टी हलतच होती. मग हायवेचे ट्रक आठवले, टेबलाचा एक पाय आखूड आहे का ते त्याने वाकून पाहिलं. मोनालीने चहा मागवला. घामाने दोघांचे कपडे भिजले होते. "सर, तुमच्याकडेच का नाही चालत?" तिने विचारलं, आणि त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला ते बघणं ओळखीचं वाटलं, पण कोणाचं ते आठवेना. परतीच्या बसमध्ये एरंडोलला जाग आली तेव्हा आठवलं. आरशातलं होतं.

आबांचा एक बोअर कोरडा गेला होता. हिलाल नानांच्या शेतातला. नारळ उभा राहिला होता, पुरता उभा, आणि तरी यंत्राने नुसता फुफाटा वर फेकला. हिलाल नाना रागावले नाहीत, उलट आबांना चहा पाजून घरी पाठवलं. त्या संध्याकाळी आबा ओट्यावर बसले होते, उजवा हात मांडीवर उताणा ठेवून, आणि स्वतःच्या तळहाताकडे बघत होते. परक्याच्या हाताकडे बघावं तसं. भूपेंद्र पंधरा-सोळाचा असेल. तो खांबाशी उभा राहून मनात म्हणाला, काय नाटक करतो हा माणूस. हे वाक्य त्याच्या मनातून कधी पुसलं गेलं नाही. गेल्या भाद्रपदात आबा गेले, त्याने खांदा दिला, आणि तिरडी उचलताना त्याचं लक्ष पहिलं कुठे गेलं, तर मनगटाकडे. दोरा तसाच होता. शीर दिसत नव्हती.

तिसऱ्या खेपेला मोनाली जळगावला आली तेव्हा फार बोलली नाही. तिने पाण्याच्या बाटलीला टेकवून मोबाईल उभा केला. "वेळ मोजायला," म्हणाली. पट्टी चिकटवली. भूपेंद्रने द्रव ओतलं, तापमानाबद्दल काहीतरी बोलला, मग दोघं वाट बघत राहिले. पट्टी डुलली, बुडबुडे आले, निजली. बाहेर केळीचा ट्रक मागे घेणाऱ्या माणसाचं "येऊ दे, येऊ दे" चाललं होतं. भूपेंद्रला खरं तर सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटलं याची लाजही वाटली. "मोनाली," तो म्हणाला, "हे बघ, मला सही करता येणार नाही."

"सर, आधी हे बघा," ती म्हणाली आणि मोबाईल त्याच्यासमोर धरला. "मला वाटत होतं, तुम्ही त्यात काहीतरी टाकता."

"मी? मी कशाला टाकू?"

"तेच मला कळत नव्हतं."

व्हिडिओत तो स्वतः होता. आपल्याला आपण बाजूने कधी बघत नाही, म्हणून आधी त्याला स्वतःचं पोटच दिसलं. तो द्रव ओततो. पात्र खाली ठेवतो. मोनालीकडे वळतो, तोंडाने तापमानाबद्दल बोलतो, डोळे तिच्या चेहऱ्यावर. आणि त्याचा उजवा हात, त्याच्याशी काही घेणंदेणं नसल्यासारखा, शेल्फाकडे जातो, एक सपाट काच उचलतो आणि काठोकाठ भरलेल्या ट्रेवर अलगद सरकवतो. शेवटी तळव्याने जरा दाबतो, हंडा नीट झाकला गेला का बघावं तसा. मग बुडबुडे येतात, वर जायला त्यांना वाट नसते, ते काचेखाली जमतात, मोठे होतात, पट्टीच्या टोकाला चिकटतात आणि तिला धरून ठेवतात. त्यापुढचं सगळं त्याने बघितलेलंच होतं, वाकून, त्याच काचेतून.

"हे झाकण कशाला ठेवता, सर? मला वाटायचं, धुळीसाठी असेल."

"मी कुठे ठेवलं?" तो म्हणाला. आणि मोबाईलमध्ये त्याचा हात झाकण ठेवतच होता, कारण मोनालीने व्हिडिओ पुन्हा लावला होता. काच तिथे होती हे त्याला तिन्ही वेळा दिसलं होतं. ती मांडणीतलीच आहे, मोनालीने ठेवली असेल, असं काहीतरी तो धरून चालला होता, म्हणजे धरलंही नव्हतं, विचारच केला नव्हता. मोनालीने मांडणी लिहून दिली होती त्यात "वरून झाकू नये" असं नव्हतं. कशाला असेल? असं कोण झाकतं?

तिने काच उचलून बाजूला ठेवली. ट्रे धुतला, नवं द्रव भरलं. भूपेंद्र स्टुलावर बसला आणि दोन्ही हात मांड्यांखाली घालून त्यांच्यावर बसला, वर्गात शिक्षा झालेल्या पोरासारखा. पट्टीने अंग चोरलं. कापली. मग लयीत आली आणि निळा थेंब निघाला, संथ, आपल्या वाटेने, कोणाला न विचारता. इतकं देखणं काही त्याने बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि हात मांडीखाली असल्यामुळे ते पुसता येईना.

"मोनाली, मी मुद्दाम नाही केलं."

"ते मला कसं कळणार, सर?" ती म्हणाली. रागाने नाही. खरंच विचारत होती, आणि याचं उत्तर त्याच्याकडे असायला हवं होतं, कारण प्रश्न त्याचाच होता. चाळीस वर्षं सांभाळलेला. त्याने कागद मागितले, जिथे जिथे खुणा केल्या होत्या तिथे सह्या केल्या. चहाच्या वेळी जे बोललो ते चार लोकांसमोर परत घेईन, असंही म्हणाला. ती "बरं" म्हणाली. कागद पिशवीत घालून ती निघाली तेव्हा त्याने दारापर्यंत जाऊन, शक्य तितक्या साध्या आवाजात सांगितलं, "तो व्हिडिओ आता काढून टाक."

"नाही, सर," मोनाली म्हणाली. "राहू दे." आणि जिना उतरून गेली.

घरी आला तर आईचा फोन येऊन गेला होता. त्याने लावला. यशोदाबाईंना ऐकू कमी येतं, त्यामुळे त्या गावभर ऐकू जाईल अशा बोलतात. "आखाजीले येस ना? तुना आबानं पहिलं डेरगं शे. पानी तुलेच भरनं पडी." खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या नावाने मातीची घागर भरतात, तेच डेरगं, आणि ते मुलाने भरायचं. "येस," तो म्हणाला. मग विचारायचं ठरवलं नसताना विचारलं, "आई, आबा नारळ धरेत तवय त्यासना हात हाले का?"

"आज कसं काय इचारस?" आई म्हणाली. "तो बी हाईच इचारे. सांजले आंगनमा बसे, हातवर नारळ ठेये, डोळा मिटी ले, आनि माले म्हने, यशोदे, देख बरं, मना हात हालस का?"

"मंग तू काय सांगे?"

"रोज मी सांगू, नही."

"खरंच नही हाले?"

"मी कोठे देखू, भाऊ? मी तवय भाकरी थापू." आई हसली, मग हसू थांबलं. "देखनारा तू व्हता. तो म्हने, पोऱ्या देखस, पोऱ्याले बठ्ठं माहीत व्हई. तुले इचारानं व्हतं त्याले. पन तू काय सांगशी याना भ्याव वाटे. मुनच तुले संगे लई जानं सोडी दिन्हं त्यानी."

फोन ठेवल्यावर भूपेंद्र स्वयंपाकघरात गेला. ज्योत्स्ना ओट्याशी कणीक मळत होती. आखाजीच्या तयारीत आणलेले नारळ टोपलीत होते, त्यातला एक त्याने उचलला आणि पाट ओढून बसला. उजवा तळहात पुढे केला, वर नारळ आडवा ठेवला. वजन अगदी ठरल्यासारखं आलं.

"हे काय खूळ?" ज्योत्स्ना म्हणाली.

"जरा बघ. माझा हात हलतो का ते सांग."

"आणि हलला तर?"

"तर सांग."

त्याने डोळे मिटले. अंधारात कूलरचा आवाज होता, कणकेचा वास होता आणि तळहातावर शेंडीची खरखर. मनगटात काही होतंय का हे तो आतून बघायला लागला आणि जितकं बघावं तितकं ते मनगट दूर जाऊ लागलं, त्याचं राहीना. नारळ सरकल्यासारखा वाटला. की द्रव सरकलं, आतलं? आबा इथे बसायचे, इतक्या आत, आणि सोबतीला कोणी नसायचं.

"हलला का?" त्याने विचारलं.

"नाही," ज्योत्स्ना म्हणाली. जरा लवकरच म्हणाली.